गाडीची वाढीव वॉरंटी घ्यावी का?

आज बोलू या चारचाकी गाडीबद्दल. बैठकीत हल्ली हा प्रश्न बऱ्याचदा येतो. वावरपासून मोखाड्यापर्यंत गटातल्या घरांत इको, जीप, पिकअप अशी गाडी येऊ लागली आहे. कुणी प्रवासी नेतं, कुणी मोगऱ्याच्या कळ्या आणि भाजी बाजारात पोचवतं. केंद्र सरकारने २०१७ मध्ये आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू केली. तिच्यात गटाच्या सदस्य बाईला गाडीसाठी साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी कर्जाची सोय ठेवली होती. म्हणजे गाडी ही आता फक्त पुरुषांच्या बोलण्यातली गोष्ट राहिलेली नाही. कर्जाच्या कागदावर सही आपली असते, तर गाडीसोबत जे जे विकलं जातं तेही आपल्याला समजायला हवं.

शोरूममध्ये गाडीचा भाव ठरला, की समोरचा माणूस विचारतो, "ताई, एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू ना?" म्हणजे वाढीव वॉरंटी. आपण मान हलवतो आणि रक्कम बिलात चढते. एका गटातल्या ताईंना तर ती रक्कम कर्ज मंजूर झाल्यावर कोटेशनमध्ये दिसली. कुणी विचारलंही नव्हतं. म्हणून ही वॉरंटी म्हणजे काय, ती कुणाच्या उपयोगाची आणि कुणाच्या नाही, हे आज नीट पाहू.

तीन कागद, तीन कामं

आधी घोटाळा दूर करू. गाडीबरोबर तीन वेगळे कागद असतात.

पहिला विम्याचा. अपघात, चोरी, पूर, आग आणि दुसऱ्याला झालेली इजा हे विम्यात येतं. त्यातला दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. बाकीचं आपण कोणती पॉलिसी घेतो त्यावर.

दुसरा वॉरंटीचा. गाडी बनवतानाच एखाद्या भागात दोष राहिला आणि तो भाग बिघडला, तर कंपनी तो फुकट दुरुस्त करते किंवा बदलून देते. ही कंपनीची वॉरंटी गाडीच्या किमतीतच असते. ती संपल्यावर पुढची काही वर्षं तेच संरक्षण पैसे भरून घ्यायचं, ती वाढीव वॉरंटी.

तिसरा देखभालीचा करार. ऑइल बदलणं, फिल्टर, ठरावीक सर्व्हिसिंग यांचे पैसे आगाऊ भरायचे.

विकणारा कधी कधी तिन्ही एकत्र बोलतो आणि "सगळं कव्हर आहे" म्हणतो. सगळं कधीच कव्हर नसतं. अपघाताचा खर्च वॉरंटी देत नाही आणि आपोआप बिघडलेला गिअरबॉक्स विमा देत नाही. पावसात ओढ्यावरून पाणी वाहत असताना गाडी घातली आणि इंजिनात पाणी गेलं, तर वॉरंटी हात वर करते. साध्या विम्यातही इंजिनाचं हे नुकसान बहुधा येत नाही. त्यासाठी इंजिनाचं वेगळं कलम जास्तीचे पैसे देऊन घ्यावं लागतं. आपल्याकडचा पावसाळा पाहता ही चौकशी वाढीव वॉरंटीच्या आधी करावी.

वर्षं की किलोमीटर?

आता मुख्य मुद्दा. वॉरंटीवर दोन आकडे असतात, वर्षं आणि किलोमीटर. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, "यापैकी जे आधी होईल ते". सगळा हिशोब या शब्दांत आहे.

एक उदाहरण घेऊ. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये आपल्या गाड्यांची मूळ वॉरंटी २ वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. पैसे भरून ती ६ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढवता येते. ऐकायला छान, आणखी तीन वर्षं! पण ती तीन वर्षं आपल्या वाट्याला येतात का?

जव्हार ते नाशिक मोखाडा-त्र्यंबक मार्गे साधारण ८० किलोमीटर. रोज एक जाऊन-येऊन खेप धरली तर १६० किलोमीटर. महिन्याचे २५ दिवस गाडी चालली तर ४ हजार किलोमीटर. या वेगाने १ लाख किलोमीटर २५ महिन्यांत होतात. म्हणजे मूळ वॉरंटी तीन वर्षांची असून दोन वर्षं एक महिन्यात संपली. पुढचे ६० हजार किलोमीटर १५ महिन्यांत संपतात. तीन वर्षांचे पैसे भरले आणि हातात आले सव्वा वर्ष.

दुसरी गाडी घ्या. ती तालुक्यातच फिरते. दिवसाला ६० किलोमीटर, महिन्याला दीड हजार, वर्षाला १८ हजार. सहा वर्षांत १ लाख ८ हजार होतात. ही गाडी किलोमीटरची मर्यादा गाठतच नाही. तिला वाढीव तिन्ही वर्षं पुरेपूर मिळतात.

समजा वाढीव वॉरंटीची किंमत १५ हजार सांगितली. तिच्यावर १८ टक्के जीएसटी धरून १७ हजार ७०० रुपये झाले. ही रक्कम आम्ही नुसती हिशोबासाठी घेतली आहे, तुमच्या गाडीची खरी रक्कम तुम्ही विचारून घ्या. नाशिकच्या खेपा करणाऱ्या गाडीला हे संरक्षण महिना १ हजार १८० रुपयांना पडलं. तालुक्यात फिरणाऱ्या गाडीला ते ४९२ रुपयांना पडलं. कागद एकच, किंमत एकच, पण एकीला दुसरीपेक्षा दुपटीहून महाग.

आणखी एक. ही रक्कम गाडीच्या कर्जात घातली तर तिच्यावर व्याज लागतं. १० टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात १७ हजार ७०० रुपयांचे साधारण साडेबावीस हजार होतात. शिवाय गाडी घेतल्याच्या पहिल्या दिवसापासून आपण व्याज भरतो आणि ते संरक्षण सुरू होतं मूळ वॉरंटी संपल्यावर.

घाटात झिजतं ते यादीत असतं का?

दुसरा प्रश्न, वॉरंटीत येतं काय? साधारणपणे इंजिनाचे आतले भाग, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, इंधन पंप, एसी आणि इलेक्ट्रॉनिक भाग येतात. वापराने झिजणारे भाग येत नाहीत. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, ब्रेक लायनर, टायर, वायपर, बल्ब, पट्टे, रबरी बुश. बॅटरी आणि टायरची वॉरंटी त्या त्या कंपनीची वेगळी असते.

आता आपला रस्ता डोळ्यांसमोर आणा. चढावर भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर ओढायची, वळणावर क्लच दाबायचा, उतारावर ब्रेकवर पाय. पावसाळ्यानंतर खड्डे. आपल्या गाड्यांचा खर्च बहुतेक कशावर होतो ते चालवणाऱ्याला विचारा. क्लच, ब्रेक, टायर, शॉकअप. यातलं बरंचसं वॉरंटीच्या बाहेर आहे. रानात, पडवीत उभ्या केलेल्या गाडीची वायर उंदराने कुरतडली, तर तेही बाहेरच. क्षमतेपेक्षा जास्त माणसं किंवा माल भरल्याने पाटा तुटला, तर तेही बाहेर.

मग वॉरंटी निरुपयोगीच का? तसंही नाही. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ गाड्या विकल्या जातात. त्यांच्यात धूर कमी करण्यासाठी सेन्सर आणि संगणकी भाग वाढले आहेत. डिझेल गाडीत ते अजून जास्त. पूर्वीची जीप आपला मेकॅनिक पाना आणि हातोडीने रस्त्यावर चालू करायचा. आता आधी स्कॅनर लावावा लागतो आणि एकेक भाग हजारांच्या घरात जातो. असा बिघाड रोज होत नाही, पण झाला की एकदम मोठा खड्डा पडतो. वाढीव वॉरंटी अशा क्वचित येणाऱ्या मोठ्या खर्चासाठी असते, नेहमीच्या खर्चासाठी नाही.

वॉरंटी आणखी एक गोष्ट देत नाही, ती म्हणजे बुडालेला रोज. गाडी वर्कशॉपमध्ये सहा दिवस उभी राहिली तर भाग फुकट बसेल, पण सहा दिवसांच्या खेपा गेल्या आणि हप्ता थांबला नाही. मोगऱ्याच्या दिवसांत तर पहाटे खुडलेली कळी त्याच दिवशी बाजारात पोचावी लागते. बंद पडलेली गाडी घाटातून टोचन करून वर्कशॉपपर्यंत नेण्याचा खर्चही सगळ्या करारांत नसतो, रस्त्यावरच्या मदतीची सेवा वेगळी असते. अधिकृत वर्कशॉप किती लांब आहे, हे म्हणून महत्त्वाचं.

आपला मेकॅनिक चालेल का?

वॉरंटी टिकवायची तर ठरलेल्या किलोमीटरला अधिकृत ठिकाणी सर्व्हिसिंग करायला सांगतात. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांच्या प्रकरणात निकाल दिला. गाडी बाहेरच्या मेकॅनिककडे नेली एवढ्याच कारणाने सगळी वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये, असं त्यात सांगितलं. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. आपल्या रोजच्या व्यवहाराला धरून सांगायचं तर, वॉरंटीचे पैसे भरलेत तर तोपर्यंत सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी करा, वेळेवर करा आणि प्रत्येक पावती जपून ठेवा. बाहेरचं गॅस किट, जास्तीचे दिवे, मोठा साउंड यासाठी वायर कापली, तर इलेक्ट्रिकचा दावा तिथेच अडतो.

म्हणून हाही हिशोब करा. दर सर्व्हिसिंगला नाशिक किंवा पालघरकडे जायचं तर एक दिवसाची कमाई आणि डिझेल जातं. तेवढं करायची तयारी नसेल, तर वाढीव वॉरंटी पहिल्याच दाव्याला तुटेल. न पाळता येणाऱ्या अटींचा कागद विकत घेण्यात अर्थ नाही.

नंबरप्लेटचंही पाहा. घरगुती म्हणजे पांढऱ्या प्लेटवर नोंदवलेली गाडी भाड्याने चालवली, तर वॉरंटी आणि विमा दोन्ही अडचणीत येतात. पिवळ्या प्लेटच्या गाडीसाठी वॉरंटीच्या अटी आणि दर वेगळे असू शकतात. गाडी कशासाठी वापरणार हे आधी सांगा आणि त्याच वापराची अट कागदावर मागा.

दुसरी वाट: आपला दुरुस्ती निधी

वॉरंटी विकणारी कंपनी काय करते? हजारो गाड्यांकडून पैसे गोळा करते. त्यातल्या थोड्या बिघडतात, त्यांचा खर्च त्यातून करते. पगार, कर आणि नफाही त्यातूनच काढते. म्हणून सगळ्यांनी भरलेल्या पैशांपेक्षा सगळ्यांना परत मिळणारं कमीच असतं. त्यात फसवणूक नाही, धंद्याची रीतच ती आहे. पण हे काम आपण बचत गटात करतोच की! सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं आणि जिच्यावर वेळ येईल तिला द्यायचं.

समजा ग्रामसंघात चार गाड्या आहेत. प्रत्येकीने महिन्याला ५०० रुपये वेगळ्या खात्यात टाकले. मूळ वॉरंटी २५ महिने चालली, तर तेवढ्यात ५० हजार रुपये जमतात. मोठ्या बिघाडाची जबाबदारी या काळात कंपनीवर असते, म्हणून निधीला वाढायला वेळ मिळतो. हा निधी क्लच प्लेटला चालतो, टायरला चालतो, टोचनला चालतो, गावातल्या मेकॅनिकला चालतो. गाडी बिघडली नाही तर पैसे आपलेच राहतात.

अट एकच, निधी खरोखर टाकला पाहिजे. "वॉरंटी नको, आपण बाजूला टाकू" असं शोरूममध्ये म्हणायचं आणि पुढे लग्नात, सणात ते खर्च करायचं, हा दुरुस्ती निधी नव्हे. बैठकीत ठराव करा. नोंदवही वेगळी ठेवा. किती रकमेपर्यंत मदत म्हणून द्यायचं, त्यावर बिनव्याजी उसने द्यायचं का, बिल कोण तपासणार, हे आधी लिहून ठेवा. गाडी बिघडल्यावर नियम करायला बसलं की भांडण होतं.

मग घ्यावी की नाही?

आम्ही चार प्रश्न सांगतो. घरी बसून, गाडी चालवणाऱ्यालाही सोबत घेऊन उत्तरं लिहा.

एक, महिन्याला गाडी किती किलोमीटर चालणार? त्यावरून वाढीव वॉरंटीचे खरे महिने काढा आणि किमतीला त्या महिन्यांनी भागा.

दोन, तेवढी वर्षं गाडी आपल्याकडे राहणार का? लवकर विकणार असाल तर वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का, ते विचारा. होत असेल तर विकताना थोडा भाव जास्त मिळू शकतो.

तीन, अधिकृत वर्कशॉप आपल्या आवाक्यात आहे का आणि प्रत्येक सर्व्हिसिंग तिथे जमेल का?

चार, आणि हा सगळ्यात मोठा. उद्या एकदम ४०-५० हजारांचं काम निघालं, तर पैसे कुठून येतील? गटाचं अंतर्गत कर्ज, घरची बचत, दुरुस्ती निधी यातून भागणार असेल, तर वाढीव वॉरंटीवाचून अडत नाही. पण उत्तर "सावकार" किंवा "वीटभट्टीची उचल" असं असेल, तर थोडी महाग पडली तरी वॉरंटी घ्यावी. उचल घेतली की अख्खं घर सहा-सात महिने भट्टीवर जातं, पोरांची शाळा सुटते. त्या किमतीपुढे १७-१८ हजार जास्त नाहीत.

थोडक्यात, कमी किलोमीटर चालणारी, जास्त इलेक्ट्रॉनिक भाग असलेली, बरीच वर्षं ठेवायची गाडी असेल आणि हाताशी निधी नसेल, तर घेण्याचा विचार करा. रोज लांबच्या खेपा करणारी गाडी असेल, वर्कशॉप लांब असेल आणि गट मजबूत असेल, तर दुरुस्ती निधी बरा.

निर्णय त्याच दिवशी करायची घाईही नको. बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी संपायच्या आधी कधीही वाढीव वॉरंटी देतात. उशिरा घेतली तर किंमत थोडी वाढते, पण तोवर आपलं किलोमीटरचं मीटर काय सांगतं ते कळलेलं असतं आणि रक्कम कर्जातही जात नाही. शेवटची तारीख आणि तेव्हाची किंमत लेखी घ्या. खेपा जास्त असतील तर तारखेबरोबर किलोमीटरवरही लक्ष ठेवा.

सही करण्याआधी

घेणार असाल तर आणखी काही गोष्टी पाहा. कागदावर नाव कुणाचं आहे? गाडी बनवणाऱ्या कंपनीचं, विमा कंपनीचं की नुसतं शोरूमचं? शोरूमची स्वतःची वॉरंटी दुसऱ्या गावी चालेलच असं नाही. न येणाऱ्या भागांची यादी आधी वाचा, येणाऱ्या भागांची नंतर. कागद इंग्रजीत असतो, म्हणून गावातल्या शिकलेल्या मुलीला सोबत न्या किंवा फोटो काढून आणा. "हे पण येतं ताई" असं तोंडी सांगितलं, तर "मग इथे लिहून द्या" म्हणा. वॉरंटी घेतल्याशिवाय गाडी किंवा कर्ज मिळणार नाही असं कुणी म्हटलं, तर तेही लेखी मागा. बहुधा तिथेच विषय संपतो.

आणि पैसे भरूनही दावा नाकारला तर? नकाराचं कारण लेखी घ्या. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिथे नाही सुटलं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरूनही दाखल होते. मुदत मात्र दोन वर्षांची.

तिथे समोरचे म्हणतात, "गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही." घाबरू नका. पोट भरण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू धंद्याची धरायची नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात रिक्षाचंच उदाहरण दिलं होतं. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहकच असतो आणि मदतीला एक-दोन माणसं घेतली म्हणून ते बदलत नाही.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी दोन आकडे लिहून आणा, आजचं मीटर आणि गाडी घेतल्याची तारीख. महिन्याचे किलोमीटर सगळ्या मिळून काढू आणि दुरुस्ती निधीचा ठरावही त्याच दिवशी बोलू. नमस्कार.